मीठ उडतं का, आजोबा?

वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मिठाची खोली पाहिली असेल. जर्मनीत तिला झाल्ट्सग्रोटे म्हणतात, म्हणजे मिठाची गुहा. भिंतींना गुलाबी मिठाच्या विटा, आतून दिव्यांचा नारिंगी उजेड, पायाखाली जाड्या मिठाची वाळू. बूट बाहेर, फोन बाहेर. आरामखुर्चीत आडवं व्हायचं, अंगावर लोकरीची चादर घ्यायची आणि पंचेचाळीस मिनिटं काही करायचं नाही. एवढ्यासाठी पैसे मोजायचे. फ्रांकफुर्टच्या आसपास अशा खोल्या बऱ्याच आहेत आणि हिवाळा तोंडावर आला की त्यांच्या जाहिराती वाढतात. खोकला, दमा, सर्दी, ॲलर्जी, त्वचेचे विकार, निद्रानाश, यादी लांबत जाते.

आम्ही दोघं दर वर्षी सप्टेंबरात लेकीकडे एश्बॉर्नला येतो आणि नव्वद दिवस पुरे व्हायच्या आत परत जातो. दोन वर्षांपूर्वी लेकीनं आईच्या वाढदिवसाला अशाच एका खोलीचं दहा वेळांचं कार्ड भेट दिलं. हिला पस्तीस वर्षांचा दमा आहे. पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो, म्हणजे ही, मी आणि आठ वर्षांची नात. अर्ध्या तासानं नात माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, मीठ उडतं का?"

चौतीस वर्षं मी कॉलेजात भौतिक रसायनशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न एम.एस्सी.च्या वर्गातही फार वेळा ऐकला नव्हता.

मीठ उडत नाही. कापूर उघडा ठेवला तर आठवड्यात नाहीसा होतो, डांबराच्या गोळ्या कपाटात झिजत जातात, कारण त्यांचे रेणू एकमेकांना सैल धरून असतात. मिठात सोडियम आणि क्लोरीन यांचे विद्युतभारित कण एकमेकांना इतके घट्ट धरतात की ते नुसतं वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. खोलीतल्या वीस-बावीस अंशांना मिठाच्या विटेतून हवेत जे जातं त्याला शून्यच म्हणावं. भिंत कितीही गुलाबी असली तरी ती श्वासात येत नाही. आणि ते गुलाबी हिमालयी मीठ म्हणजे तरी काय? आपल्या उपासाचं शेंदेलोण. बहुतेक सगळं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येतं आणि ती खाण हिमालयापासून बरीच दूर आहे. त्याचा रंग लोहाच्या संयुगांचा. बाकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के तेच सोडियम क्लोराइड, जे आजीच्या बरणीत होतं.

मग मीठ हवेत जातं कसं? दोनच रीतीनं. एक तर कोरडं मीठ बारीक दळून पंख्यानं खोलीत फुंकायचं. चांगल्या मिठाच्या खोल्यांत भिंतीआड असं यंत्र असतं आणि हवेची आर्द्रता बेतानं राखलेली असते. दुसरी रीत म्हणजे मिठाच्या पाण्याचे तुषार उडवायचे. ही दुसरी रीत जर्मन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी, आरोग्याचा काहीही विचार नसताना शोधून काढली. ती पाहायची असेल तर बाड नाउहाइमला जा.

तिथं उंचच उंच लाकडी सांगाडे आहेत आणि त्यांत काटेरी झुडपांच्या फांद्या खच्चून भरल्या आहेत. ग्राडियरवेर्क म्हणतात त्याला. जमिनीतलं खारं पाणी वर चढवायचं आणि फांद्यांवरून ठिबकत सोडायचं. वारा आणि ऊन पाणी उडवतात, खाली येईतो ते दाट झालेलं असतं. पातळ खारवणी उकळून मीठ करायला जंगलंच्या जंगलं जळत, म्हणून सरपण वाचवायची ही युक्ती. फांद्यांवर चुना आणि जिप्समचे थर चढतात, ते दगडासारखे होतात आणि काही वर्षांनी फांद्या बदलाव्या लागतात. मिठाचा धंदा पुढे बसला. पण त्या भिंतींच्या कडेनं चालताना श्वास मोकळा होतो, हे लोकांच्या ध्यानात आलेलं होतं. म्हणून सांगाडे राहिले आणि आज लोक त्यांच्या सावलीत बाकावर बसून समुद्रकिनाऱ्याची हवा खातात.

मला तो सांगाडा पाहून आजोळ आठवलं. माझं आजोळ वेंगुर्ल्याजवळचं शिरोडं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते गाव, वि. स. खांडेकर तिथं शाळेत शिकवत होते. तिथली मिठागरं म्हणजे आडवं पसरलेलं ग्राडियरवेर्कच, फक्त तिथं ऊन फुकट आणि मुबलक, म्हणून सांगाडा लागत नाही. कोकणात मीठ 'पिकतं' म्हणतात, भातासारखं. पावसाळ्यात मात्र आजीच्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं आणि ती त्यात तांदळाचे दाणे टाकायची. त्यामागचा आकडा मी पुढे वर्गात शिकवला. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. लेकीच्या घरात हिवाळ्यात हीटर लावला की आर्द्रता तीस-पस्तीसवर येते. मीठ खुळखुळीत राहतं, पण घसा आणि नाक सुकून जातं. आपल्या आई-वडिलांना इथं आल्या आल्या जो कोरडा खोकला लागतो, त्याचं एक कारण हेच.

मिठाचं हे पाणी ओढणंच औषधाच्या कामी येतं. मिठाचा बारीक कण श्वासनलिकेत उतरला की तिथल्या ओलाव्यात फुगतो, विरघळतो आणि आजूबाजूचं पाणी स्वतःकडे खेचतो. घट्ट कफ पातळ होतो, खोकल्याबरोबर सुटतो. कण मात्र बारीक हवा. दहा मायक्रॉनच्या वरचे नाकाघशात अडकतात, एक ते पाच मायक्रॉनचे खोल जातात. यात गूढ काही नाही आणि खोटंही नाही. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात कफ गोंदासारखा घट्ट असतो. ऑस्ट्रेलियात असे काही रुग्ण समुद्रात लाटांवर खेळून आले की त्यांना बरं वाटतं, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे तिथं १६४ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सात टक्क्यांचं मिठाचं पाणी, ४ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, यंत्रानं वाफारा करून, ४८ आठवडे. फुप्फुसाच्या ताकदीत फरक थोडाच पडला, पण आजार उसळण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. आज ते मान्य औषध आहे.

आता पाकिटाच्या मागे करता येईल असं गणित करू. मी ते त्या खोलीतच, आरामखुर्चीत पडल्या पडल्या केलं. ४ मिलिलिटर गुणिले सात टक्के म्हणजे २८० मिलिग्रॅम मीठ एका वेळी यंत्रात जातं. त्यातलं बरंच यंत्रात आणि घशात राहतं, तरी. मिठाच्या खोलीत यंत्र आहे आणि हवेच्या प्रत्येक घनमीटरात १० मिलिग्रॅम मीठ तरंगतंय असं धरा. पडून राहिलेला माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा घेतो. पंचेचाळीस मिनिटांत २७० लिटर, म्हणजे पाव घनमीटरापेक्षा किंचित जास्त. एकूण मीठ २.७ मिलिग्रॅम, त्यातलंही काही उच्छ्वासाबरोबर परत बाहेर. चिमटीतल्या मिठाचा शंभरावा भाग! रक्तदाबवाल्यांनी एवढ्या मिठाला भ्यायचं कारण नाही, त्यांनी पापड-लोणच्याला भ्यावं. पण ज्या औषधी परिणामाच्या नावानं तिकीट काढायचं, तो परिणाम दाखवणाऱ्या मात्रेच्या मानानं हे फारच थोडं आहे. आणि यंत्र नसेल, नुसत्या विटाच असतील, तर तेवढंही नाही.

हे गणित मी त्या दिवशी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलं. मोठ्या रंगात ऐकवलं. जावई हसले, लेक थोडी हिरमुसली. ही काही बोलली नाही. त्या न बोलण्याकडे माझं लक्ष जायला हवं होतं, ते गेलं नाही.

ही पुढे दर गुरुवारी एकटी जाऊ लागली. "अहो, मला तिथं खरंच मोकळं वाटतं," एवढंच म्हणायची. मी म्हणायचो, "वाटतं ना, मग जा." त्यातला सूर तिला कळत होता.

बरं का वाटतं, याचं उत्तर मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. नंतर मी थोडा अभ्यास केला. मिठाच्या खाणीत श्वसनाचे रोगी बरे होतात ही कल्पना पोलंडमधल्या व्येलिच्काची. तिथल्या खाणीचे डॉक्टर फेलिक्स बोच्कोव्स्की यांनी १८४३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजही त्या खाणीत जमिनीखाली रुग्णांना नेतात. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत एन्नेपेटाल गावी बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी लोक क्लुटर्ट नावाच्या गुहेत जाऊन बसत. तिथं डॉ. श्पानागेल यांना आढळलं, की दमेकऱ्यांचा खोकला त्या गुहेत कमी होतो. आणि ती गुहा चुनखडीची आहे, मिठाची नाही! खाणीत आणि गुहेत समान काय, तर परागकण नाहीत, धूळ नाही, धूर नाही, तापमान बदलत नाही, आणि माणूस शांत बसलेला असतो. म्हणजे हवेत काय आहे यापेक्षा काय नाही, याचा गुण असू शकतो. गुहेतल्या उपचारांचा दम्यावर उपयोग होतो का, हे कॉक्रेन या संस्थेनं तपासलं तेव्हा त्यांना तीनच चाचण्या हाती लागल्या, मिळून १२४ मुलांच्या. त्यावरून ठामपणे हो म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. 'उपयोग नाही' असा मात्र तो नव्हता. हा फरक माझ्यासारखे लोक टेबलावर बोलताना गिळून टाकतात.

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी लेकीकडे चकल्या आणि शेव तळायचा कार्यक्रम झाला. बाहेर धुकं आणि चार अंश थंडी, म्हणून खिडक्या बंद. धूर ओढणारं यंत्र चुलीवर होतं, पण चार घाणे झाल्यावर घरभर तेलाचा वास आणि डोळ्यांना चुरचुर. त्यात चिवड्याच्या फोडणीला मिरच्या पडल्या. सगळ्यांनाच ठसका लागला. हिचा थांबेना. रात्री दोन वाजता ही पलंगाच्या कडेला हात टेकून बसलेली, खांदे वर, एका दमात दोन शब्दही बोलता येत नाहीत. निळा पंप सहा-सात वेळा ओढून झाला होता. लेकीनं ११२ ला फोन केला. रुग्णवाहिका दहा-बारा मिनिटांत आली. ऑक्सिजन, वाफाऱ्यातून औषध, शिरेतून स्टेरॉइड, मग रुग्णालय.

सकाळी तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोजचा पंप घेता ना? हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सहा आठवड्यांपासून ती तो घेत नव्हती.

दोन पंप वेगळे असतात, हे दमेकऱ्याच्या घरात माहीत असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. निळा पंप तातडीचा, आकसलेल्या नळ्या काही मिनिटांत उघडतो. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्यात स्टेरॉइड असतं. तो नळ्यांच्या आतली सूज दाबून ठेवतो. तो घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि सोडल्यावरही लगेच काही जाणवत नाही. सूज परत चढायला दिवस लागतात, कधी आठवडे. ह्यातच सगळी फसगत आहे. हिनं पंप सोडला आणि त्याच सुमारास गुरुवारची खोली सुरू झाली. पहिले काही आठवडे ती जुन्या औषधाच्या पुण्याईवर ठीक होती आणि श्रेय मिठाला गेलं. दोष त्या खोलीवाल्यांचा मुळीच नाही. पंप सोडा असं त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग सोडला का? घरी आल्यावर तिनं सांगितलं. भारतातून आणलेले पंप मोजून तीन महिन्यांचे होते. विमानतळावर सामानाच्या गडबडीत त्यातला एक हरवला. इथल्या औषधाच्या दुकानात भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. लेकीला सांगावं तर ती सुट्टी काढणार, डॉक्टर शोधणार, खर्च करणार. तशात खोलीत मोकळं वाटत होतं. मग तिनं आधी एक वेळ कमी केली, मग दोन्ही. "आणि तुम्हाला काय सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा गणित करून दाखवलं असतंत."

मी चौतीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो, की निरीक्षण आधी आणि मत नंतर. घरातल्या माणसाचं निरीक्षण मी केलंच नाही. तिला बरं वाटतंय म्हणाल्यावर 'तुझे पंप किती उरलेत' एवढा साधा प्रश्नही मला सुचला नाही.

प्रवास विम्यानं हात वर केले, कारण जुना आजार त्यात धरलेला नव्हता. सहसा तो धरत नाहीतच. आई-वडिलांना बोलावताना कागद नीट वाचा. त्यांच्या औषधांच्या पेट्या हातातल्या पिशवीत असू द्या, मोठ्या सामानात नकोत, आणि आठवडाभराचा साठा जास्तीचा. इथं काही लागलंच तर इथल्याच डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी लागते. रात्री-अपरात्री, पण जिवावरचं नसेल तर ११६११७ हा क्रमांक आहे. जिवावरचं असेल तर ११२, विचार करत बसू नका.

मिठाच्या खोलीबद्दल मला आज विचाराल तर मी असं सांगेन. सर्दीनंतर रेंगाळलेला कफ असेल, नाक चोंदत असेल, झोप लागत नसेल, तर खुशाल जा. जाण्याआधी विचारा, की मीठ हवेत सोडणारं यंत्र आहे का. दमा असेल तर डॉक्टरांना सांगून जा आणि निळा पंप खोलीच्या बाहेर नव्हे, हातात ठेवा. मिठाचे कण संवेदनशील नळ्यांना आकसवूही शकतात; दम्याची एक तपासणीच मुळी साडेचार टक्के मिठाच्या पाण्याचा वाफारा देऊन करतात. त्या ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांनाही आधी नळ्या उघडणारं औषध दिलं जाई. ताप असताना बंद खोलीत जाऊ नका, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा विचार करा. इथली सरकारी विमा योजना याचे पैसे सहसा देत नाही. पैसे वाचवायचे असतील तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात साडेचार ग्रॅम मीठ घाला आणि जलनेती करा. रक्ताइतकंच खारं असल्यानं ते नाकाला झोंबत नाही. पाणी उकळलेलंच हवं.

एश्बॉर्नहून एस-३ या लोकलनं काही स्थानकं गेलात की शेवटचं स्थानक बाड झोडन. तिथल्या बागेत खाऱ्या पाण्याचे झरे आहेत, पेल्यात घेऊन पिता येतात. चव अशी, की गंजक्या खिळ्यावर सोडा ओतलाय. एके काळी युरोपभरचे छातीचे रोगी तिथं येत. मेंडेलसोननं १८४४ च्या उन्हाळ्यात तिथं राहून आपला व्हायोलिन कन्चेर्तो पुरा केला; तो आराम करायला आला होता आणि त्याला आराम मिळाला. १८६० मध्ये टॉलस्टॉयचा भाऊ निकोलाय क्षय घेऊन तिथं आला. टॉलस्टॉय त्याला भेटायला आला होता. तिथून दोघं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला गेले आणि काही आठवड्यांतच निकोलाय गेला. पाणी तेच, बाग तीच. क्षयाचा जंतू सापडायला अजून बावीस वर्षं होती आणि त्यावरचं औषध यायला ऐंशीहून जास्त. त्या काळच्या लोकांकडे दुसरं काही नव्हतंच.

हिच्या पर्समध्ये आता दोन्ही पंप असतात आणि फ्रिजवर एक तक्ता आहे. जोरात फुंकून मोजायची एक छोटी नळी मिळते, पीक फ्लो मीटर. त्यावरचा सकाळ-संध्याकाळचा आकडा नात लिहिते, हिरव्या, पिवळ्या, लाल खडूनं. आकडा घसरायला लागला की श्वास लागण्याच्या आधी कळतं. चकल्या या वर्षी गच्चीत, विजेच्या शेगडीवर, लोकरी टोपी घालून तळायच्या ठरल्या आहेत. ते काम जावयांकडे आणि माझ्याकडे.

गुरुवारी मीही तिच्याबरोबर जातो. नातीच्या प्रश्नाचं उत्तर तिला दाखवलं: काळा कागद अर्धा तास मांडीवर ठेवला आणि मग भिंगातून पाहिला. पांढरे ठिपके होते, मोजण्याइतके. गणित मी पुन्हा केलेलं नाही. गेल्या खेपेला दहाव्या मिनिटाला मी घोरू लागलो म्हणून हिनं चादरीखालून मला कोपरानं ढोसलं, आणि शेजारच्या जर्मन आजींनी डोळे न उघडता सांगितलं, झोपू द्या त्यांना.